एकसष्ट नंबरची तुटकी रेघ

१८ जुलै १८२२, गुरुवार

ही वही मी ग्लासगोच्या कॉलेजात तर्कशास्त्राच्या टिपणांसाठी घेतली होती. अकरा पानं भरली होती, ती आज फाडून चुलीत घातली. आईने पाहिलं. फेब्रुवारीपासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. सोळा वर्षं दुसऱ्यांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरून तिने मला कॉलेजात घातलं, ओटच्या पिठाच्या थैल्या पाठीवर लादून धाडलं, आणि मी एका जमीनदाराच्या पोराच्या थोबाडावर ठोसा मारून परत आलो. तो माझ्या कोटाला हसला होता. कोटाचं सूत आईने कातलेलं. माफी माग म्हणाले, मागितली नाही. पायी घरी आलो.

लोकांना सांगायला हे कारण बरं आहे. वहीला खरं सांगतो. ठोसा मारला नसता तरी मी आलोच असतो. एफी लोगन इथे आहे.

आजपासून मी मरडॉकमालकांच्या कारखान्यात कारकून; टार्टन, म्हणजे ते रंगीत चौकड्यांचं लोकरी कापड, इथे विणतात. राजा पुढच्या महिन्यात एडिनबराला येतोय, आणि डोंगरातल्या सगळ्या सरदारांना निरोप गेलाय म्हणे की आपापल्या कुळाच्या टार्टनमध्ये हजर व्हा. त्यामुळे पत्रांचा पाऊस पडतोय. गावात लिहिता येणारे पुष्कळ, पण सरदाराला शोभेल असं लिहिणारा तू एकटा, असं मालक म्हणाले. वर असंही म्हणाले की ही धांदल नीट पार पाडलीस तर नोव्हेंबरपासून कायमचा कारकून, आणि कोठीवरच्या दोन खोल्या राहायला.

दोन खोल्यांत लग्न करता येतं. राजा परत गेला की एफीला विचारायचं. ठरलं.

२२ जुलै, सोमवार

आज सात पत्रं. सगळ्यांचं मागणं एकच, आमच्या कुळाचं पुरातन टार्टन पाठवा. ते कसं दिसतं हे सातांतल्या एकालाही ठाऊक नाही.

मालकांकडे एक जाड वही आहे. तिच्यात दोनशेच्या वर नमुने चिकटवलेत, चार बोटांचे तुकडे, आणि प्रत्येकाखाली नंबर. नाव फार थोड्यांना. पलटणीसाठी विणतात तो काळा-निळा-हिरवा तर एकच आहे. त्यात पांढरी रेघ घातली की दुसरी पलटण, पिवळी घातली की तिसरी. त्याच रेघा आता कुळं होऊ घातल्यात.

आर्डकेलीच्या सरदारांचं पत्र मी मोठ्याने वाचलं. 'माझ्या पूर्वजांनी जे पांघरून रणात देह ठेवले तेच कापड मला हवे.' मालकांनी विचारलं, "कोठीत जास्त काय पडलंय?"

"एकसष्ट नंबर."

"मग आर्डकेलीचे पूर्वज एकसष्ट नंबर पांघरून मेले. लिही."

एकसष्ट नंबर मला पाठ आहे. लाल जमीन, हिरवा चौकडा, मधून एक पिवळी रेघ. चार वर्षांपूर्वी ग्लासगोच्या एका व्यापाऱ्याने मागवला होता, जमैकातल्या उसाच्या मळ्यांवरच्या गुलामांना वाटायला. व्यापारी बुडाला, गठ्ठे बंदरावरून परत आले. त्यांना अजून बोटीच्या तळाचा वास येतो.

मी लेखणी फेकली. "हे खोटं मी लिहिणार नाही."

मालक चिडले असते तर बरं झालं असतं. ते चष्मा पुसत राहिले. "पोरा, पंचाहत्तर वर्षांपूर्वी सरकारने डोंगरातल्या लोकांवर या कपड्यांची बंदी घातली. छत्तीस वर्षं होती बंदी. ज्यांना आठवत होतं ते तेवढ्यात मेले. आता कुणाचं टार्टन कुठलं हे सांगणारा देवाच्या खालोखाल मीच उरलो. आणि देव पत्रांना उत्तरं देत नाही."

कोपऱ्यात एबेनकाका मागावर बसले होते. ते पंचाहत्तर वर्षांचे, कारखान्यातले सर्वांत जुने विणकर. आडवा धागा नेणारा धोटा न थांबवता म्हणाले, "माझ्या लहानपणी डोंगरातली बाई जो रंग ओढ्याकाठी सापडेल त्यात लोकर बुडवायची आणि जो चौकडा आवडेल तो घालायची. कुळाला विचारत नव्हती."

"एबेन, तू विण," मालक म्हणाले.

मी लेखणी उचलली. शिवणाच्या खोलीचं दार माझ्या टेबलासमोर आहे. मान वर केली की एफीचा डावा खांदा आणि सुईचा हात दिसतो. सातही पत्रं लिहून टाकली.

२६ जुलै, शुक्रवार

आजचा दिवस थकव्याचा, पण विसरणार नाही.

जेवणाच्या सुट्टीत एफी माझ्या टेबलाशी आली. हातात ओटची भाकरी, अर्धी मला दिली. "गिब, मला माझं नाव लिहायला शिकवशील?"

आमच्याकडे मुलींना वाचायला शिकवतात, बायबलापुरतं. लिहायला नाही. शनिवारी मजुरी घेताना मालकांच्या वहीत ती फुली मारते.

"आत्ताच का?" मी विचारलं.

"एका कागदावर सही करायचीय. फुली मारायची लाज वाटते."

"कसला कागद?"

"आहे एक." हसली, आणि लाल झाली.

शिवणाच्या खडूने लाल कापडाच्या तुकड्यावर मी तिचं पूर्ण नाव काढलं, 'युफेमिया'. तिने गिरवलं, झटकलं, पुन्हा गिरवलं. जीभ दातांत धरते लिहिताना. मध्येच विचारते, "जिथे पाच पाच महिने बर्फ वितळत नाही, तिथे शेत कसं करतात रे? तू शिकलास ना?" कॉलेजात असलं काही शिकवत नाहीत. पण मी रशियाबद्दल वाचलं होतं ते सगळं सांगितलं. ती इतकं मन लावून ऐकत होती की मला माहीत नव्हतं तेही सांगितलं.

जाताना म्हणाली, "तू हुशार आहेस, गिब. परत ग्लासगोला जा. तुझं इथे काय आहे?"

"आहे."

"नाहीये रे," म्हणाली आणि मान खाली घातली.

तिला शिकलेला नवरा हवा आहे. यापेक्षा उघड एखादी मुलगी काय बोलणार?

३० जुलै, मंगळवार

स्टर्लिंगहून तांबडं सूत आणायला रॅब मॉफॅटच्या गाडीतून गेलो. रॅब गाडीवान. आमच्या कारखान्याचं कापड तोच नेतो. माणूस बरा, डोक्याने जरा मंद. सबंध रस्ता घोड्याशी बोलतो.

"काय कॉलेजसाहेब, चढा. गादी नाही, पोतं आहे."

बसल्या बसल्या डुलकी लागली. आठवडाभर रोज तीसेक पत्रं लिहून मनगट सुजलंय. जाग आली तेव्हा रॅब म्हणत होता, "गिब, तुला एक सांगायचं होतं."

"थांब, आधी मी सांगतो," म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं. दोन खोल्या, नोव्हेंबर, एफी. कुणाला तरी सांगितल्यावाचून राहवत नव्हतं. रॅबने लगाम खेचला. मग म्हणाला, "नालेत खडा गेलाय वाटतं," आणि उतरून घोड्याचे चारही पाय बघत बसला. मला वाटलं होतं पाठीवर थाप तरी मारेल. अशा लोकांना प्रेमातलं काय कळणार?

बाजारात त्याने दोन कुऱ्हाडी घेतल्या, मोठ्या, झाडं पाडायच्या. एका गाडीवानाला दोन कुऱ्हाडी कशाला? विचारलं तर म्हणतो, "एक मोडली तर."

घरी आईला हे हसत सांगितलं. ती पेज ढवळत होती. म्हणाली, "रॅब चांगला मुलगा आहे."

फेब्रुवारीपासून तिने आपण होऊन उच्चारलेलं पहिलं वाक्य, तेही गाडीवानाच्या कौतुकाचं.

२ ऑगस्ट, शुक्रवार

दोन विणकर आजारी. डोळे गेले म्हणतात, पण हात गेलेत. सगळेच उभ्या उभ्या झोपतात. मालकांनी मला सकाळी पत्रांना आणि दुपारी मागावर बसवलं. बाप होता तोवर त्याच्याशेजारी बसून शिकलो होतो, हात विसरले नाहीत.

आर्डकेलीच्या सरदारांना कोठीतलं जाडंभरडं त्यांच्या माणसांसाठी चालतंय, स्वतःसाठी मात्र मऊ लोकरीची नवी शाल हवी. आमचे माग अरुंद, म्हणून शाल दोन फाळांची, म्हणजे दोन उभ्या पट्ट्यांची. एक फाळ एबेनकाका विणतायत, दुसरा मी. मग एफी दोन्ही मधोमध जोडणार. लालाला लाल, पिवळ्याला पिवळी रेघ मिळाली पाहिजे. शिवण दिसता कामा नये.

"धागे मोजणं सोपं रे," एबेनकाका म्हणाले. "ठोका सारखा पडणं कठीण. चौकड्यात धागे तेवढेच असतात, पण हात रागावला की धागा ठोकणारी फणी जोरात बसते, चौकडा आखूड होतो. हात दमला की चौकडा लांबतो. कापड चहाडखोर असतं. तुझा बाप कधी प्यायला होता ते मी त्याच्या कापडावरून सांगायचो."

"आज माझं काय सांगता?"

त्यांनी माझ्या कापडावर अंगठा ठेवून बघितलं. "आज तू खूश आहेस. तसाच राहा आठवडाभर."

आज आणि उद्या मिळून सहा चौकडे होतील. माझा फाळ एफीच्या हातात जाणार या विचाराने ठोका आपोआप सारखा पडतो.

४ ऑगस्ट, रविवार

आज चर्चमध्ये नावं पुकारली.

रॉबर्ट मॉफॅट, गाडीवान, आणि युफेमिया लोगन, दोघे याच गावचे, यांचा विवाहाचा मानस आहे. पहिल्यांदा पुकारतो. दुसऱ्यांदा पुकारतो. तिसऱ्यांदा पुकारतो. रीत तीन रविवारांची, तेवढं थांबायलाही वेळ नाही त्यांना.

मी उठत होतो. आईने मनगट धरून खाली बसवलं. सुजलेलंच मनगट. सोडलं नाही शेवटच्या प्रार्थनेपर्यंत. तिला माहीत होतं. एबेनकाकांनी मागे वळून पाहिलं नाही, म्हणजे त्यांनाही.

६ ऑगस्ट, मंगळवार

दोन दिवस विणलं. कुणाशी बोललो नाही. रॅब दोनदा दाराशी आला. एकदा म्हणाला, "गिब, भांड हवं तर. मार हवं तर." मी धोटा फेकत राहिलो. मालक म्हणाले, कारकून असून केवढं उरकतोस! एबेनकाका माझ्या मागाच्या आवाजाकडे कान देऊन बसले होते. म्हणाले, "हळू." पुन्हा म्हणाले, "गिब, हळू." मग त्यांनीही बोलणं सोडलं.

फाळ पुरा झाला. बावीस चौकडे.

७ ऑगस्ट, बुधवार

एफीने दोन्ही फाळ लांब टेबलावर शेजारी शेजारी पसरले आणि मला बोलावलं. आत गेलो नसतो, पण मालक तिथेच होते.

पहिल्या सहा चौकड्यांत रेघेला रेघ मिळत होती. मग माझी पिवळी रेघ एबेनकाकांच्या रेघेच्या जरा आधी. पुढची त्याहून आधी. शेवटी शेवटी तर माझ्या लालाशेजारी त्यांचा हिरवा. माझा फाळ हातभर आखूड.

तांबडं मऊ सूत संपलं, पुन्हा विणायला ना धागा ना दिवस. शनिवारी गाडी निघालीच पाहिजे. मालक भिंतीला टेकून खालीच बसले. "आर्डकेली आपल्यासोबत आणखी सहा सरदार आणणार होते," एवढंच म्हणाले.

एफीने सातव्या चौकड्यावर बोट ठेवलं. हळूच म्हणाली, मालकांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू, "हा सोमवार ना?"

मी म्हटलं, "तू आधी सांगायला हवं होतंस."

"सांगत होते की."

"कधी?"

तिने बाह्या वर सारल्या. "जाऊ दे," म्हणाली. "पाणी गरम करून आण. आणि ही माझी टाचण्यांची डबी धर."

९ ऑगस्ट, शुक्रवार

तीन दिवस डबी धरली.

तिने माझा फाळ ओला केला. एकेक चौकडा ताणून टाचण्यांनी टेबलाला ठोकला, वाफ दिली, वाळू दिला, पुन्हा ताणला. सातवा जुळला. आठवा जुळला. बोटांची टोकं फुटलीत, चिंध्या बांधून शिवते. लाल कापड आहे ते एक बरं. घरी तिचं लग्न चार दिवसांवर आणि ही इथे माझा सोमवार ओढून लांब करते आहे. मी हे तिला म्हटलंही नाही. म्हणावं असं खूप होतं, पण झोप इतकी येत होती की राग तोंडापर्यंत येईतो विरून जाई.

बाराव्या चौकड्यापर्यंत जुळलं. पुढे कापड ताण घेईना, सुरकुत्या पडू लागल्या.

"खाली राहू दे," ती म्हणाली. "सरदार चालेल तेव्हा लोक खांदा बघतील. तळ कोण बघतंय?"

तेराव्यापासून खाली रेघ तुटकी. पण शिवण इतकी बारीक की मला सुद्धा शोधावी लागते.

१० ऑगस्ट, शनिवार

गाडी गेली. रॅबने शालीचं बोचकं दोन हातांनी उचलून सर्वांत वर ठेवलं. माझ्याकडे बघितलं. मी पत्रांत मान घातली.

१३ ऑगस्ट, मंगळवार

लग्न झालं. आई गेली होती. मी झोपलो होतो.

२४ ऑगस्ट, शनिवार

दोन आठवडे सगळे आर्डकेलीच्या शिव्यांची वाट बघत होते. आज पत्र आलं. मालकांनी ते माझ्याकडे सरकवलं आणि पाठ करून खिडकीशी उभे राहिले.

सरदारांना एडिनबऱ्यात फार मान मिळाला. पण मेजवानीत दुसऱ्या एका सरदाराने तळाकडे बोट दाखवून विचारलं, तुमच्या रेघा का मिळत नाहीत हो? आर्डकेलींनी वेळ मारून नेली, म्हणाले की ती आमच्या कुळाची खूण आहे. आता ते लिहितात: 'यामागे काही जुना प्रसंग निश्चित असणार. आपल्या विणकरांच्या स्मरणात असल्यास कृपया कळवावे.'

"संपलं," मालक खिडकीकडेच बघत म्हणाले. "काय कळवायचं? आमचा कारकून प्रेमात पडला होता म्हणून?"

म्हणजे मालकांनाही माहीत होतं.

मी कागद घेतला. लेखणी फेकली नाही. एकदाही थांबलो नाही. लिहिलं की फार पूर्वी आर्डकेलीचे दोन भाऊ एकाच शत्रूशी लढताना एका नदीच्या दोन काठांवर पडले. एकमेकांना दिसत होते, पण पाण्याला पूर होता. तेव्हापासून त्या कुळाचे विणकर शालीच्या खालच्या भागात दोन काठांच्या रेघा मिळू देत नाहीत. म्हाताऱ्या विणकरांकडून आम्ही हे असंच ऐकत आलो आहोत.

मालकांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला. "कुठे वाचलंस?"

"कुठेच नाही."

"कॉलेज अगदीच वाया नाही गेलं म्हणायचं."

मला दोन भाऊच का सुचले कोण जाणे. महिन्यापूर्वी अशा पत्रापायी मी नोकरी सोडणार होतो. आज फक्त मनगट दुखलं.

३१ ऑगस्ट, शनिवार

रॅब आणि एफी गेले. ग्रीनॉकहून बोट, मग कॅनडा. तिथे जंगल तोडून शेत करायला जमीन देतात. कुऱ्हाडींचं आज कळलं. बर्फाचंही आणि त्या कागदाचंही आज कळलं.

दुसऱ्याच कुणाची गाडी होती, म्हणून रॅबला हातांचं काय करावं ते समजत नव्हतं. "काय कॉलेजसाहेब," म्हणाला आणि टोपी काढून चुरगळली. "तीनदा सांगायला आलो होतो रे."

"माहीत आहे. मी ऐकलं नाही."

त्याने हात पुढे केला. धरला. केवढा खरखरीत हात.

एफी म्हणाली, "सही नीट आली. जमिनीच्या कचेरीतला कारकून विचारत होता, हे वळण कुणाचं? म्हटलं, ग्लासगो कॉलेजचं."

"मी रशियाबद्दल सांगितलं त्यातलं निम्मं खोटं होतं," मी म्हटलं.

"निम्मं पुरे." मग खडूचा उरलेला तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. "परत जा, गिब. आईसाठी तरी."

शेवटपर्यंत मला इथून घालवायच्याच मागे होती. खडू फेकणार होतो. खिशात आहे.

१२ सप्टेंबर, गुरुवार

गेल्या आठवड्यात आर्डकेलीचं पत्र आलं. भावांची गोष्ट वाचून त्यांच्या वृद्ध बहिणीच्या डोळ्यांना पाणी आलं. कुळातल्या चौदा घरांना चौदा शाली हव्यात, तुटकी रेघ आहे तशीच. ज्या विणकराने पहिली विणली त्याच्याच हातची, अशी खास सूचना.

मालक मला म्हणाले, "बस मागावर. तसंच विण."

बसलो. एबेनकाका शेजारी. बारा चौकडे नेहमीसारखे. तेराव्याला एबेनकाका म्हणाले, "हं. आता आण राग."

आणला. चर्चमधला तो आवाज आठवला, पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. आईने धरलेलं मनगट आठवलं. रॅब घोड्याचे पाय बघत बसला होता ते आठवलं, आणि तिथे मला चक्क हसू आलं. सरदाराच्या खांद्यावरच्या गुलामांच्या नमुन्याचं आठवून बघितलं, तो राग तरी येईल म्हणून. फणी जोरात ओढली. मग ओढत राहिलो. मग नुसता विणत राहिलो. खरं सांगायचं तर केव्हा थांबलो आठवायचा ते कळलंच नाही. बाहेर कुणी तरी लोकर वाळत घालत होतं, त्याच्याकडे लक्ष होतं.

आज संध्याकाळी एबेनकाकांनी दोन्ही फाळ टेबलावर शेजारी पसरले. आता जोडायला त्यांची भाची येते. तिने वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. पिवळ्याला पिवळी, बावीसच्या बावीस.

एबेनकाका माझ्याकडे बघून म्हणाले, "झालास विणकर."

मालक कपाळाला हात लावून बसले. "अरे, चौदा शाली! त्या म्हातारीला काय सांगू, भाऊ पोहून भेटले म्हणून?"

"मोजून तोडू रेघ," मी म्हटलं. "तेराव्यापासून धागे कमी करायचे. मग कुणीही विणील."

"लिहून ठेव," मालकांनी नमुन्यांची वही पुढे केली.

ती वही आज पहिल्यांदा माझ्या हाताने लिहिली. 'नंबर ६१' याच्या पुढे लिहिलं, 'आर्डकेली, पुरातन'. खाली लिहिलं, 'तेराव्या चौकड्यापासून एका फाळात हिरव्यातले चार धागे कमी.' शाई सुकायला वर वाळू टाकली आणि फुंकली.

घरी आलो तर दाराशी पिठाची थैली, तोंड बांधलेली, कॉलेजात न्यायचो तीच. आई म्हणाली, "ऑक्टोबर लागायला अठरा दिवस आहेत." मी जातो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. थैली ओलांडून आत आलो.

कारखान्यातून निघताना एबेनकाका नमुन्यांच्या वहीवर वाकले होते. त्यांना जवळचं दिसत नाही. "किती धागे लिहिलेस?"

"चार."

"चारच?" म्हणाले. "मला वाटलं जास्त असतील."

मलाही वाटलं होतं.